कामाचा तिटकारा कुठून येतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, पोराला आवडेल ते करू दे. दुसरी म्हणते, आवडीने चूल पेटत नाही, आधी हमखास पगाराचं बघा. पहिली बाजू एखाद्या गाजलेल्या खेळाडूचं नाव पुढे करते, दुसरी गल्लीतल्या बेकार पदवीधराकडे बोट दाखवते, आणि समुपदेशक कलचाचणीचा रंगीत कागद हातात ठेवून दोघांनाही खूश करतात. वाद दरवर्षी होतो, पण पुढे सरकत नाही. कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून चालली आहे: काम नकोसं होतं ते विषय नावडता म्हणून, नाहीतर पैसा कमी म्हणून. माझ्या मते मूळ चूक इथेच आहे. माणूस विषयाला क्वचित विटतो. विटतो तो दिवसाला. सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात हाताने आणि डोक्याने नेमकं काय करावं लागतं, आपला वेळ कोण वापरतं, चूक झाली की कोणाच्या माथी येते, केलेल्या कामाचं फळ कधी दिसतं, यावर विटणं ठरतं. आणि नुसता कंटाळा आलेल्या माणसाला कामाचा तिटकारा कधी येतो? बाहेर पडायचं दार बंद झाल्याचं त्याच्या लक्षात येतं तेव्हा. करिअर निवडताना पाहायच्या गोष्टी म्हणून दोनच धराव्यात, त्या कामातला दिवस आणि त्या कामातून बाहेर पडायची किंमत. आपल्या वादात दोन्हींचा पत्ता नसतो.

१९१३ साली हेन्री फोर्डने डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात मोटारजोडणीचा सरकता पट्टा सुरू केला. गाड्या पूर्वीच्या मानाने फारच झटपट तयार व्हायला लागल्या आणि कामगार पळायला लागले. त्या वर्षी तिथलं कामगारगळतीचं प्रमाण ३७० टक्के होतं. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षात ३७० माणसं नव्याने घ्यावी लागत. मोटार तीच होती, आणि त्या काळात मोटार हे तरुणांचं मोठं आकर्षण होतं. बदललं होतं ते एवढंच, की कालपर्यंत जोडणी करणारा गडी आता दिवसभर एकच नट आवळत उभा होता आणि त्याच्या हाताचा वेग पट्टा ठरवत होता. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा मोबदला जवळजवळ दुप्पट करून ५ डॉलरवर नेला आणि गळती आटोक्यात आली. पगारवाले म्हणतील, हा तर आमचाच पुरावा. आहेच. पण त्याने नेमकं काय सिद्ध झालं? पैशाने माणूस थांबला. पट्ट्यावरचं काम मात्र पाच डॉलरांनंतरही तेच राहिलं.

पक्की नोकरी, ठरलेला पगार, निवृत्तिवेतन हे सगळं असूनही काय होतं, याचा पुरावा ब्रिटनमध्ये सापडतो. आरोग्याचे अभ्यासक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. हे सगळे सरकारी नोकरीतले लोक होते. आपल्याकडे सरकारी नोकरी म्हणजे चिंतामुक्ती असं समजणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

तरीही पगारवाल्यांची बाजू जेवढी कच्ची दाखवली जाते तेवढी ती नाही. महिन्याच्या २० तारखेला खातं रिकामं होत असेल तर कोणतंही काम गोड लागत नाही. घरभाडं, आजारपण, धाकट्या भावंडाची फी यांची काळजी माथ्यावर असताना आवडीचं कामही शत्रू वाटतं. मात्र पगाराला एक पातळी असते. तिच्याखाली पगार हाच पहिला प्रश्न, तिच्या वर तो पाचवा-सहावा. पातळी किती हे घराघरांत वेगळं असेल, पण ती कागदावर मांडता येते: भाडं, किराणा, घरी पाठवायचे पैसे, कर्जाचा हप्ता, आणि बाजूला पडायला हवी ती रक्कम. हा आकडा न काढता 'जास्त पॅकेज'च्या मागे धावणारा माणूस पातळी ओलांडली तरी धावतच राहतो, कारण ती कुठे होती हेच त्याला ठाऊक नसतं.

आवडवाल्यांचा दोष वेगळा. त्यांना विषय आणि व्यवसाय एकच वाटतात. आर्किटेक्चरला जाणारी मुलगी पाच वर्षं स्टुडिओत संकल्पना रंगवते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या पुढ्यात असतात शौचालयाच्या फरशांचे तपशील, जिन्याच्या पायऱ्यांची मापं, महापालिकेत मंजुरीसाठी द्यायचे नकाशे आणि 'तेवढी बाल्कनी आत घ्या' म्हणणारा बिल्डर. छायाचित्रणाची हौस असलेल्याला लग्नाच्या हंगामात एका रात्रीत दोन-तीन हजार फोटो चाळायचे असतात आणि उरलेल्या पैशांसाठी वधूपित्याला फोन लावायचे असतात. स्वयंपाकाची आवड म्हणून हॉटेल मॅनेजमेंटला गेलेला मुलगा कांदा चिरण्यापासून सुरुवात करतो, दहा-बारा तास उभा राहतो, आणि सगळं जग दिवाळी करत असतं तेव्हा त्याची रजा बंद असते. यातलं काहीही वाईट नाही. पुष्कळांना ते जमतं, रुचतंही. पण हौस आहे म्हणून ते रुचेलच, हे कोणी सांगितलं? उलट एक जुना प्रयोग आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना 'चित्रं काढलीत तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगून बसवलं. नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्रांत इतरांपेक्षा कमी रस घेतला. हौसेला मोबदल्याची अट जोडली की हौस आटू शकते. मग हौशीचं संरक्षण करायचं असेल तर तिला पोट भरायच्या कामापासून दूर ठेवणं, हाही एक शहाणा पर्याय ठरत नाही का?

आपल्या राज्यात या घोळाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्पर्धा परीक्षा. पुण्यात सदाशिव पेठेपासून नवी पेठेपर्यंत अभ्यासिकांच्या खुर्च्या महिन्याच्या भाड्याने जातात. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९.९२ लाखांवर अर्ज आले, ५.८३ लाख उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि अखेर १,००९ जणांची शिफारस झाली. बसलेल्या दर ५७८ जणांत एक. हे प्रमाण सगळेच सांगतात आणि पोरांना घाबरवतात. मला त्याहून वेगळा प्रश्न पडतो. या ५७८ जणांपैकी किती जणांनी तहसील कार्यालयात एक आख्खा दिवस बसून काढला असेल? अभ्यासिकेतला दिवस म्हणजे इतिहास, राज्यघटना, चालू घडामोडी, शांतता, चहा, चर्चा. वाचनाची आवड असणाऱ्याला तो दिवस मनापासून आवडतो, आणि त्यावरून तो समजतो की प्रशासन हे आपलं क्षेत्र आहे. खरं तर त्याला आवडलेली असते ती तयारी.

राज्याच्या एमपीएससी परीक्षेतून जी खुर्ची मिळते, त्या तहसीलदाराचा दिवस कसा असतो ते पाहा. सकाळी निवडणुकीच्या यादीचा आढावा, त्यात वरून आलेली व्हिडिओ बैठक. मग सुनावण्या. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली शेतरस्ता अडवल्याची तक्रार असते. वादी आणि प्रतिवादी सख्खे चुलतभाऊ, रस्ता बैलगाडीचा, आणि भांडण आजोबांच्या वाटणीपासूनचं. जागेवर जाऊन पाहणी करायची, पंचनामा करायचा, नकाशा आणि नोंदी तपासायच्या, दोघांचं ऐकून कारणांसह आदेश लिहायचा. आदेश ज्याच्या विरोधात जातो तो पुढाऱ्याकडे जातो आणि पुढारी फोन करतो. दुपारी पीकपाहणीची तक्रार, दाखल्यांसाठी रांग, पाहुण्या मंत्र्याचा राजशिष्टाचार. रात्री अकराला वाळूचा ट्रक पकडल्याचा निरोप. या दिवसात वाचन जवळजवळ नाही. आहे ते माणसांचं भांडण ऐकून घेण्याचं, दबावात सही करण्याचं आणि केलेल्या सहीची जबाबदारी वर्षानुवर्षं अंगावर बाळगण्याचं काम. ज्याला हे आवडेल तो या खुर्चीत फुलेल. ज्याला शांत कोपरा आणि पुस्तक हवं आहे, त्याला परीक्षेतलं यश हीच शिक्षा होईल. आणि गंमत अशी, की महसुली सुनावण्या उघड चालतात. मागच्या बाकावर बसून ऐकायला पैसे पडत नाहीत, ओळख लागत नाही. चार-चार वर्षं तयारीत घालवणाऱ्यांना हा एक दिवस का सुचत नाही?

कारण आपण दिवस निवडतच नाही, पाटी निवडतो. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला एका दमात देता येईल असं उत्तर निवडतो. लग्न जुळवताना निदान घर बघायला जातो, मंडळी कशी बोलतात ते पाहतो, दोन ठिकाणी चौकशी करतो. तीस-पस्तीस वर्षांच्या कामाचं मात्र नुसत्या फोटोवर ठरवतो.

हमखास म्हणवल्या जाणाऱ्या वाटांचंही तसंच. एके काळी महाराष्ट्रात डी.एड. म्हणजे नोकरीची हमी असा समज होता. बारावीला चांगले गुण पडले की, विशेषतः ग्रामीण भागात, मुलामुलींना तिकडे धाडलं जायचं. गावोगाव अध्यापक विद्यालयं उभी राहिली. नोकरी लागली तरी आधी तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढायची असत. प्राथमिकचं हे मानधन महिना ६,००० वरून १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीवर बंदी आणली. पदविका घेतलेले हजारो तरुण वयाच्या ऐन उमेदीत दारात उभे राहिले, आणि त्या पदविकेचा शाळेबाहेर उपयोग शून्य. पुढे विद्यालयंही ओस पडत गेली. यात त्या मुलांची चूक काय? बाजार बदलेल हे त्यांना कळायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. एक प्रश्न मात्र तेव्हाही विचारता आला असता: हे शिक्षण एकाच दारातून आत नेतं की तीन-चार दारांतून? एकाच मालकाकडे, एकाच खात्याकडे, एकाच परवान्याकडे नेणारी वाट तुम्ही घेता, तेव्हा त्या दारामागे बसलेल्याच्या हाती तुमचा दिवस जातो.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. निवड ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे. बाकीच्यांना मिळेल ते काम करावं लागतं, त्यांना 'दिवस निवडा' सांगणं म्हणजे थट्टा. आक्षेपात तथ्य आहे, आणि आपल्या समाजात त्याला इतिहासही आहे. बलुतेदारीच्या गावगाड्यात मुलाचा दिवस त्याच्या जन्माआधीच ठरलेला असे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात नेमका हाच मुद्दा मांडला होता. जातिव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी करते, त्यात कल आणि आवड यांना जागाच नसते, आणि हीन मानलेल्या कामांत डांबलेल्या माणसांच्या मनात त्या कामाविषयी तिरस्कार आणि ते टाळण्याची इच्छा कायम राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे निवडीचा प्रश्न चैनीचा नाही, हे सांगायला आपल्याला परदेशी पुस्तकं धुंडाळायची गरज नाही. आणि व्यवहारातही हिशेब उलटा आहे. श्रीमंताच्या मुलाने चुकीचं क्षेत्र निवडलं तर तो दोन वर्षांनी परत येऊन वडिलांच्या दुकानात बसतो. पहिल्या पिढीतल्या मुलीची निवड चुकली, तर गहाण टाकलेली जमीन तिला परतू देत नाही. ज्याच्याकडे चुकायला जागा कमी, त्यानेच आधी जाऊन पाहायला हवं. त्याचा खर्च एसटीच्या तिकिटाएवढा आहे.

पाहायचं म्हणजे काय? त्या क्षेत्रातली तीन माणसं गाठायची: एक दोन वर्षं काम केलेलं, एक दहा वर्षांचं आणि एक काम सोडून गेलेलं. तिसरं माणूस सगळ्यात मोलाचं, आणि तेच कोणी शोधत नाही. 'क्षेत्र कसं आहे?' असं विचारायचं नाही. त्याला उत्तर म्हणून भाषण मिळतं. 'गेल्या मंगळवारी दहा वाजल्यापासून काय काय केलंत?' असं विचारायचं. मंगळवार अशासाठी, की तो साधा दिवस असतो, शोभेचा नसतो. मग पुढचे प्रश्न: रात्री फोन कशासाठी येतो, काम कोणाच्या सहीवाचून अडतं, पैसे किती महिन्यांनी हातात पडतात, मागची मोठी चूक कोणती होती आणि ती कोणी निस्तरली. या उत्तरांमधून जे चित्र उभं राहतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

आणि मग त्या कामाचा सगळ्यात रटाळ तुकडा स्वतः करून बघायचा. सीए व्हायचं आहे? ओळखीच्या दुकानदाराची एका महिन्याची खरेदीची बिलं घ्या आणि जीएसटी पोर्टलवरच्या २बी या विवरणाशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, एकेक ताडून पाहा. ते विवरण १४ तारखेला येतं आणि महिन्याचं ३बी हे करविवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत जे होतं तेच खरं शिक्षण. तीनशे बिलांत दहा जुळत नाहीत. कुठे पुरवठादाराने जीएसटी क्रमांकातला एक अंक चुकवलेला असतो, कुठे बिल मार्चचं आणि दाखवलंय एप्रिलमध्ये, कुठे त्याने दाखवलेलंच नाही आणि दुकानदार म्हणतो, 'मी तर त्याला पैसे दिलेत.' न जुळलेलं दहावं बिल सापडल्यावर तुम्हाला बरं वाटलं, तर पुढची दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तुम्ही निभावाल. डोकं उठलं, तर हे आत्ताच कळलेलं बरं. वकिलीसाठी जिल्हा न्यायालयात आठवडाभर बसा. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं. उलटतपासणी फारशी दिसणार नाही. दिसतील त्या तारखा, नकला मिळवण्यासाठी खिडकीवर थांबलेले कनिष्ठ वकील आणि बोर्डावर आपला नंबर कधी येईल याची वाट पाहणारी माणसं. सॉफ्टवेअरसाठी नवा प्रोग्राम लिहून बघू नका, ते सगळ्यांनाच आवडतं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या, धड टिपाही नसलेल्या कोडमधली एक चूक शोधून दुरुस्त करा. बहुतेक नोकरी तीच असते.

बाहेर पडायच्या किमतीचं गणित तर याहून सोपं. १० लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिन्याला सुमारे १३,५०० पडतो, आणि शिकत असतानाच्या काळाचं व्याज त्यात धरलेलं नाही. साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घराची किंवा जमिनीची कागदपत्रं बँकेत जातात. पहिल्या नोकरीचा पगार २५,००० असेल तर त्या मुलाला वरिष्ठ कसाही वागला तरी 'सोडतो' म्हणता येणार नाही. महागड्या खाजगी महाविद्यालयाची पाटी आणि स्वस्त सरकारी महाविद्यालयाची पाटी यांच्यातला हा फरक कोणी सांगत नाही: स्वस्त पाटीत नाही म्हणायचा अधिकार शिल्लक राहतो. स्पर्धा परीक्षेचंही तेच. खुल्या गटाला यूपीएससीसाठी ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, एमपीएससीसाठी ३८ वर्षं. वय शिल्लक आहे म्हणून थांबणं सोपं जातं. किती प्रयत्नांनंतर उठायचं हे पहिल्या प्रयत्नाआधी ठरवून, घरच्यांसमोर लिहून ठेवलेलं असेल तर उठता येतं. ऐन निराशेत ते ठरत नाही.

चिकाटीचं काय, असा एक प्रश्न उरतो. सुरुवातीला सगळंच काम नकोसं वाटतं, हात बसला की गोडी लागते, आजची पोरं लगेच पळतात. यातला पहिला भाग खरा आहे. कौशल्य आलं की रस येतो, हे कुठल्याही कारागिराला विचारा. म्हणूनच नवशिक्याचं कंटाळणं हा पुरावा धरू नये. पण मग कोणता धरावा? आपल्यापेक्षा दहा वर्षांनी ज्येष्ठ असलेल्या सहकाऱ्याच्या टेबलाकडे पाहावं. त्याचं काम आपल्याला हवंसं वाटतं का? वाटत असेल तर आजची हमाली सोसावी, ती संपणार आहे. त्याचं टेबलही नको वाटत असेल, तर आपण सोसतो आहोत ते कशासाठी? चिकाटीचे गोडवे गाणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरला तेव्हाही सगळी चर्चा तासांवर झाली. ते तास कशात जाणार आणि त्यांवर ताबा कोणाचा, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत आता प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आलं आहे. कल्पना चांगली, वेळ चुकली. ते साधारण पदवीच्या शेवटाकडे येतं, म्हणजे शाखा, महाविद्यालय, फी, कर्ज सगळं ठरून गेल्यावर. शिवाय काकांच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेलं प्रमाणपत्र चालून जात असेल, तर त्यातून उपस्थितीशिवाय काही सिद्ध होत नाही. हेच प्रशिक्षण दहावीच्या परीक्षेनंतरच्या दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीत आणायला काय हरकत आहे? गुण नकोत, प्रमाणपत्र नको. तालुक्याच्या ठिकाणी न्यायालय, तहसील, ग्रामीण रुग्णालय, गॅरेज, बँक, छापखाना आणि एखादा सीए हे सगळं सापडतं. मुलाने तीन ठिकाणी प्रत्येकी पाच दिवस जावं, रोज संध्याकाळी तासातासाची नोंद वहीत करावी, आणि अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना ती वही शेजारी ठेवावी. कलचाचणीच्या शुल्कापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि आई-वडिलांनाही वाद घालायला हातात काहीतरी असेल.